निकोटीन गम: चव बेकार, काम चोख (पण चावायचं कसं ते वाचा)

चवीचं आधीच सांगून टाकतो. पाकिटावर मिंट लिहिलंय पण दोन-चार वेळा चावलं की मिरीसारखी झणझण सुरू होते, जीभ चुरचुरते, घसा पण. माल खराब नाहीये, निकोटीन असंच लागतं, त्यामुळे "टेस्ट घाण" म्हणून एक स्टार देणाऱ्यांनो जरा दम धरा, हे सिगरेट सोडायचं औषध आहे, डब्ल्यूएचओने 2009 मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घेतलेलं.

दुसरी तक्रार म्हणजे "काही फरक नाही, वर उचक्या लागल्या". ह्यात बहुतेक वेळा गमची चूक नसते, चावण्याची असते. निकोटीन गालाच्या आतून रक्तात जायला हवं. साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावलं की ते लाळेबरोबर पोटात, तिथून लिव्हरमध्ये जाऊन बरंचसं वाया, आणि हातात काय उरतं तर उचक्या आणि छातीत जळजळ. सावकाश चावायचं, झणझण आली की थांबायचं, गम गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा, झणझण ओसरली की परत थोडं चावून जागा बदलायची, असं साधारण अर्धा तास. आणि गम तोंडात टाकायच्या आधी 15 मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत कॉफी, कोल्ड्रिंक, ज्यूस बंद, कारण तोंड आंबट झालं की निकोटीन नीट शोषलंच जात नाही. कॉफीबरोबर सिगरेट ओढायची सवय असलेल्यांना खरा त्रास इथेच होणार.

2 एमजी की 4? उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागत असेल तर 4. लोक "कमी बरं" म्हणून 2 घेतात, तलफ काही भागत नाही, मग गमला शिव्या. शिवाय सिगरेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गमला 20-30 मिनिटं लागतात, म्हणजे तलफ डोक्यात चढल्यावर पाकीट शोधू नका, नेहमीची वेळ माहीत असते ना, त्याच्या आधीच तोंडात टाका.

"पण निकोटीननेच कॅन्सर होतो ना?" हे घरोघरी ऐकू येतं. कॅन्सरचं खापर धुरातल्या टारवर (काळा चिकट थर) आणि बाकीच्या रसायनांवर. मायकल रसेल ह्या संशोधकाने 1976 मध्येच लिहून ठेवलंय की माणसं ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात टारमुळे. गमची कल्पना त्याही आधीची, स्वीडनमधली, पाणबुडीतल्या खलाशांना आत सिगरेट ओढता येत नव्हती म्हणून ते तंबाखू तोंडात धरायचे, ते बघून सुचलेली. ओव्हे फेर्नो ह्या स्वीडिश संशोधकाने त्यावर काम केलं. मस्त डोकं!

चालतं का, तर कॉक्रेनच्या (औषधांच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) 2018 च्या आढाव्यात 130 च्या वर चाचण्या, 64 हजारांहून जास्त माणसं, आणि गम, पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) वगैरेंनी सिगरेट सुटण्याची शक्यता 50 ते 60 टक्क्यांनी वाढते असं निघालं. जादू नाही ही, मूळ शक्यताच कमी असते त्यामुळे वाढूनही बरेच जण परत ओढायला लागतात. पॅच आणि गम एकत्र वापरले तर नुसत्या एकापेक्षा जास्त फायदा, हे पण अभ्यासांत दिसलंय, दुकानदार सहसा सांगत नाहीत.

कवळी असेल किंवा जबडा दुखत असेल त्यांनी गमच्या नादी लागू नये, चघळायच्या गोळ्या मिळतात. प्रेग्नंट असाल किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर आधी डॉक्टर. लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका, मिंटचा वास बघून खातील.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो आतल्या कागदासाठी, चावायची पद्धत भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरात छापलीये, तीसुद्धा मागच्या बाजूला.