डीएसयूआरक्यूई ॲटलस: उंदराच्या मेंदूचा फुकट नकाशा आणि त्यातल्या खाचाखोचा

सांगली ही हळदीची पेठ. त्यामुळे ‘करक्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) दिल्यावर उंदराच्या हिप्पोकॅम्पसचं (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाचं) आकारमान बदलतं का’ असा विषय इथल्या फार्मसीच्या विद्यार्थ्याला सुचला तर नवल नाही. अडतं ते स्कॅनपाशी. मिरजेला एमआरआय सेंटरं भरपूर आहेत, पण माणसांच्या मशिनवर साधारण एक मिलिमीटरचा व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा ठिपका) मिळतो आणि उंदराचा मेंदू इनमिन दीड सेंटिमीटर लांब. त्याला ७ किंवा ९.४ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) छोट्या बोअरचं, म्हणजे अरुंद बोगद्याचं मशिनच लागतं. ते नसेल तर ओपनन्यूरो या मेंदू-स्कॅनच्या संकेतस्थळावरचा खुला डेटा उतरवायचा. मग आकारमानं मोजायला ॲटलस, म्हणजे प्रत्येक भागाला क्रमांक (लेबल) दिलेला मेंदूचा नकाशा लागतो, आणि त्यात आमची पहिली पसंती टोरांटोच्या डीएसयूआरक्यूईला.

नाव म्हणजे डोर, स्टेडमन, उलमन, रिचर्ड्स, चिउ (इंग्रजीत Qiu), ईगन या आडनावांची आद्याक्षरं. २००८ च्या डोर यांच्या ॲटलसमध्ये ४० उंदरांची सरासरी आणि ६२ भाग होते. पुढे इतरांनी सेरेबेलम (लहान मेंदू), कॉर्टेक्स (मेंदूचं बाहेरचं आवरण), हिप्पोकॅम्पस बारीक चिरून त्यात घातले. व्हॉक्सेल ४० मायक्रॉनचा. अनेक हातांनी शिवलेली गोधडी असल्यामुळे वीण सगळीकडे सारखी नाही: सेरेबेलमच्या एकेका पाळीला वेगळा क्रमांक, पण ब्रेनस्टेमचे (मेंदूच्या देठाचे) पॉन्स आणि मेड्युला हे भाग अख्खे गठ्ठे. ब्रेनस्टेमवर काम असेल तर हा ॲटलस घेऊ नका.

फाइल मिंक आणि निफ्टी या दोन्ही फॉरमॅटांत मिळते, निफ्टीच घ्या. सोबतच्या सीएसव्हीत उजव्या-डाव्या लेबलांचे दोन रकाने आहेत. मध्यरेषेवरच्या भागांना दोन्हीकडे एकच क्रमांक असतो, म्हणून आंधळेपणाने बेरीज केली की त्यांचं आकारमान दुप्पट होतं. हा घोळ हमखास होतो.

क्रम असा: एन४ या दुरुस्तीच्या प्रोग्रॅमने चित्राचा उजेड सारखा करा, कारण डोक्यावर ठेवलेल्या सरफेस कॉइलमुळे मेंदूचा वरचा भाग लख्ख आणि तळ काळा येतो. मग मास्क, म्हणजे फक्त मेंदू वेगळा काढणं. मग अँट्स या प्रोग्रॅमने आपला स्कॅन टेम्प्लेटवर (ॲटलसच्या सरासरी चित्रावर) बसवा, यालाच रजिस्ट्रेशन म्हणतात: आधी रिजिड (नुसतं फिरवणं-सरकवणं), मग ॲफाइन (ताणणं-तिरकं करणंही), शेवटी सिन (जागोजागी वाकवणं). उलट्या ट्रान्सफॉर्मने लेबलं आपल्या स्कॅनवर आणा आणि इंटरपोलेशन (मधल्या ठिपक्यांची किंमत ठरवायची रीत) ‘जेनेरिक लेबल’ किंवा ‘निअरेस्ट नेबर’च ठेवा, लिनिअर ठेवलं तर ५ आणि ९ च्या सीमेवर ७ उगवतो, म्हणजे भलताच भाग. १६ जीबीच्या लॅपटॉपवर टेम्प्लेट आधी ८० मायक्रॉनवर आणा, व्हॉक्सेल एक अष्टमांश होतात. ॲफाइनची फाइल वेगळी साठवा. सिन चालू असताना लाईट गेली तर निदान तेवढं तरी वाचतं.

खरी डोकेदुखी दिशेची. उंदीर पालथा झोपवलेला असतो, मशिनचं सॉफ्टवेअर मात्र माणूस उताणा आहे असं धरून चालू शकतं. मग फाइलच्या हेडरमधले (सुरुवातीच्या माहितीतले) अक्ष चुकतात आणि रजिस्ट्रेशन मेंदू उलटा करून बसवतं. हे निदान दिसतं तरी. डावं-उजवं उलटलं तर मेंदू सममित असल्यामुळे डोळ्याला कळतच नाही. स्कॅन आपणच करवून घेत असाल तर एका बाजूला पाण्याची बारीक नळी ठेवायला सांगा.

टेम्प्लेट मृत, फिक्स केलेल्या मेंदूंचा आहे. कवटीतच स्कॅन केल्याने आकार छान टिकलाय, पण व्हेंट्रिकल (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या) आक्रसलेले. जिवंत उंदराच्या स्कॅनवर तिथली लेबलं सरकतात, म्हणून व्हेंट्रिकलचे आकडे यावरून काढू नयेत. शिवाय अर्ध्या मिलिमीटरचे जाड स्लाइस आणि १०० मायक्रॉनचा इनप्लेन (स्लाइसच्या पृष्ठावरचा) ठिपका असेल, तर ०.१ घनमिलिमीटरच्या भागाला जेमतेम २० व्हॉक्सेल येतात. त्यावर टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची संख्याशास्त्रीय चाचणी) लावून काय साधणार?

अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटचा सीसीएफव्ही३ हा दुसरा ॲटलस भागांच्या बाबतीत कितीतरी श्रीमंत आहे, १,६७५ उंदरांची सरासरी. पण तो एमआरआय नाही, टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेला ऑटोफ्लुरोसन्स (ऊतींची स्वतःची चमक) आहे, आणि कवटीबाहेर काढलेल्या मेंदूचा. त्याचे काही लेबल क्रमांक नऊ आकडी असतात. फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये साठवली की ३१२७८२५५० आणि ३१२७८२५५४ हे कॉर्टेक्सचे दोन थर एकच होऊन बसतात; पूर्णांकच ठेवा. १० मायक्रॉनची आवृत्ती फ्लोटमध्ये पाचेक जीबी घेते, २५ ची पुरते.

थर किंवा थॅलॅमसचे केंद्रक हवे असतील तर ॲलन घ्या; हिप्पोकॅम्पस, कॉर्टेक्स, सेरेबेलमचं आकारमान हवं असेल तर डीएसयूआरक्यूई. पाचपैकी चार. एक गुण कापला तो त्या सीएसव्हीसाठी.