गोळी देण्याआधी तारखा विचारणारे केंद्र

दक्षिण नागपुरातील महापालिकेच्या एका नागरी आरोग्य केंद्रात कुटुंब नियोजनाचा सल्ला मोफत मिळतो. नुकतेच लग्न झालेल्या माझ्या भाचीला आणखी दोन वर्षे तरी मूल नको होते. तिच्यासोबत मी तेथे गेले आणि तिच्या संमतीनेच हा अभिप्राय लिहीत आहे. कोणती साधने मिळतात एवढेच पाहिले तर हे केंद्र इतर सरकारी दवाखान्यांसारखेच आहे. त्याचे वेगळेपण असे की तेथील समुपदेशक बाई कोणत्याही साधनाचे नाव काढण्यापूर्वी, दिवस राहण्याची शक्यता नेमकी केव्हा आणि किती असते, हे समोरच्या स्त्रीला तिच्याच तारखांवरून समजावून देतात.

पाळीच्या आधीचे आणि नंतरचे आठ-दहा दिवस बिनधोक असतात, अशी भाचीची समजूत होती आणि ती घरोघरी आढळते. बाईंनी त्यावर वाद घातला नाही. भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून त्यांनी टेबलावर ठेवली आणि मागच्या सहा चक्रांच्या तारखा विचारल्या. सर्वांत लहान चक्र २६ दिवसांचे आणि सर्वांत मोठे ३३ दिवसांचे निघाले. २६ मधून १८ आणि ३३ मधून ११ वजा करून, पाळी सुरू झाल्यापासूनच्या आठव्या दिवसापासून बाविसाव्या दिवसापर्यंतच्या चौकटींवर त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली. महिन्याचा जवळपास निम्मा भाग त्या रेघेखाली आला, तेव्हा भाची काही क्षण बोललीच नाही.

कारणही त्यांनी तितक्याच स्वच्छपणे सांगितले. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटते. मागच्या पाळीपासून चौदा दिवस मोजण्याची सवय फक्त २८ दिवसांच्या चक्राला लागू पडते, आणि ३५ दिवसांचे चक्र असेल तर तोच दिवस एकविसाव्याच्या आसपास येतो. सुटलेले बीज जास्तीत जास्त एक दिवस टिकते, परंतु शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून पाळी संपल्यावर दोन-तीन दिवसांत आलेल्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो. आजारपण आणि मानसिक ताण यांमुळे बीज सुटण्याचा दिवस पुढे सरकतो, तेव्हा पेन्सिलीची रेघही अंदाजाचीच समजावी, हे सांगायला त्या विसरल्या नाहीत.

साधनांची माहिती त्यानंतर आली, आणि येथे मला त्यांची पद्धत फार योग्य वाटली. ‘हे चांगले, ते वाईट’ असे न म्हणता त्यांनी शंभर जोडप्यांचा हिशेब मांडला. काहीच वापरले नाही तर वर्षभरात शंभरातल्या सुमारे ८५ स्त्रियांना दिवस जातात. बाहेर वीर्यपात करण्याच्या भरवशावर राहिल्यास सुमारे २० जणींना, निरोध रोजच्या व्यवहारात जसा वापरला जातो तसा वापरल्यास सुमारे १३ जणींना, रोजच्या गोळीवर सुमारे ७ जणींना, आणि गर्भाशयात कॉपर टी बसवल्यावर एकीलाही क्वचितच. निरोधाचे अपयश बहुतेक वेळा तो प्रत्येक वेळी न वापरण्यातून किंवा उशिरा चढवण्यातून येते, आणि लैंगिक आजारांपासून संरक्षण देणारे साधन तेच एक आहे, हेही त्यांनी बजावले. कॉपर टीचा नमुना त्यांनी भाचीच्या तळहातावर ठेवला: आगपेटीतल्या काडीपेक्षा लहान, तांब्याची तार गुंडाळलेला. त्यातला ३८० ए हा प्रकार दहा वर्षे चालतो, मूल हवे झाले की केव्हाही काढता येतो, आणि मूल न झालेल्या स्त्रीलाही तो बसवता येतो.

२०१७ साली सरकारी योजनेत आलेल्या अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनाविषयी त्या जे बोलल्या ते विशेष नोंदवण्याजोगे आहे. इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. पाळी अनियमित होते किंवा थांबते, त्यात अपाय नसतो, पण हे आधी न सांगितल्याने स्त्रिया घाबरून मध्येच सोडतात. शेवटच्या इंजेक्शनानंतर गर्भधारणा व्हायला सात ते दहा महिने लागू शकतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरके नसलेली छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची असते. त्या दिवशी मात्र तिचा साठा संपला होता. माला-एन ही रोजची गोळी देण्यापूर्वी रक्तदाब मोजून ‘डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकते का?’ असे विचारले गेले, कारण तशा अर्धशिशीत ती गोळी देत नाहीत.

याच भाचीला काही महिन्यांपूर्वी औषधाच्या एका दुकानात तातडीची गोळी वर्तमानपत्रात गुंडाळून, एक शब्दही न बोलता दिली गेली होती. ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावी. ती बीज सुटणे लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. आणि त्याच महिन्यात पुढे येणाऱ्या संबंधांना तिचे संरक्षण नसते, ही तीन वाक्ये दुकानदाराला जड नव्हती. पाच दिवसांच्या आत बसवलेली कॉपर टी या गोळीपेक्षाही खात्रीची असते, हे तर आम्हा दोघींना येथेच कळले.

उणिवा सांगितल्याच पाहिजेत. सल्ल्याची वेळ दुपारपर्यंतच असल्याने नोकरी करणाऱ्या स्त्रीला रजा काढावी लागते. खोलीला दार नाही, पडदा आहे, आणि बाहेरच्या बाकावर सगळे ऐकू जाते; अविवाहित मुलगी येथे तोंड उघडेल असे मला वाटत नाही, जरी साधन फसल्यास २० आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात मागताना विवाहाची अट २०२१ च्या दुरुस्तीने उरलेली नाही. भिंतीवरच्या चित्रांत सर्वत्र बायकाच आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातले स्त्री-नसबंदीचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के होते. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी असूनही ही दरी आहे, आणि एखाद्या पुरुषाला आत बोलावणारी एकही पाटी तेथे दिसली नाही.

तरीही मी हे केंद्र निःसंकोच सुचवीन. जाताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी सोबत ठेवावी. विशेषतः क्षयरोगाची किंवा फिट्सची औषधे चालू असतील तर ती आवर्जून सांगावीत, कारण त्यांतल्या काही औषधांमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो.