तारे परगावचे, पाणी आपलं

"ताई, ऑनलाइन ४.३ तारे आहेत, अकरा हजार लोकांनी दिलेत. पण खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, तो नको, आमच्याकडचाच घे, चार वर्षांत काही कुरकुर नाही. कुणाचं ऐकू?"

माझी मावसबहीण कोथरूडहून वाघोलीच्या एका सोसायटीत राहायला गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिने हे विचारलं. घ्यायचा होता वॉटर प्युरिफायर. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण काही वर्षांपूर्वी मी फक्त तारे बघून आरओ प्रकारचा प्युरिफायर घेतला होता आणि माझ्या नळाच्या पाण्याला त्याची गरजच नव्हती. तो खर्च आणि ते वाया गेलेलं पाणी मला अजून सलतं. म्हणून तिच्यासाठी दोन्ही सल्ले नीट शेजारी ठेवून पाहिले. वस्तू मुद्दाम हीच एक धरली आहे. सगळ्याच खरेदीबद्दल मोघम बोललं की दोन्ही बाजू सारख्याच वजनाच्या वाटायला लागतात, आणि त्या तशा नाहीत.

आधी पाणी बघा

पुण्याच्या जुन्या भागात नळाला खडकवासल्याचं पाणी येतं. धरणाचं, म्हणजे मुळातच गोडं. माझ्या नळाखाली टीडीएस मीटर धरला की आकडा सत्तर-ऐंशीच्या पुढे जात नाही. टीडीएस म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार वगैरे किती मिलिग्रॅम आहेत त्याचा आकडा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, ५००पर्यंत टीडीएस स्वीकारार्ह मानला आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत मुभा आहे. आरओचं खास काम हे क्षार कमी करण्याचं. ते करताना बरंच पाणी तो बाजूच्या नळीतून सोडून देतो. सत्तरच्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे धुतलेले तांदूळ पुन्हा साबणाने धुणं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये, ५००पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओ वापरायला बंदी घालावी, असे निर्देश केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

बहिणीच्या सोसायटीत मात्र बोअर आणि टँकर. मीटरवर एका दिवशी ८४०, दुसऱ्या दिवशी ३१०. तिथे आरओ हवाच.

आता ते अकरा हजार लोक आठवा. कुणी दिल्लीच्या बोअरचं पाणी गाळतंय, कुणी बंगळुरूत कावेरीचं, कुणी नाशिकला गंगापूर धरणाचं. सगळ्यांचे तारे मिळवून एक सरासरी काढलेली. आपल्या नळाला कुठलं पाणी येतं, हे लिहिणारा शंभरात एखादा भेटतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं मत एकटंच आहे, पण ते त्याच टाकीतल्या पाण्यावर तयार झालेलं आहे. प्युरिफायरपुरतं तरी ते एक मत हजारांना भारी पडतं, आणि माझा कौल इथेच काकूंकडे झुकायला लागला.

ताऱ्यांचं खरं बळ, आणि त्यांचं आंधळेपण

तरी तारे मी टाकून देणार नाही. चार वर्षांत काकूंनी एकच मशीन पाहिलं. त्याच मॉडेलची टाकी शंभरातल्या पाच घरी गळते का, हे त्यांना कळायला मार्ग नाही. गठ्ठ्याने येणारे दोष गठ्ठ्यानेच कळतात. एकाच मॉडेलखाली वीस जणांनी "सहा महिन्यांत पंप गेला" असं लिहिलं असेल, तर ती माहिती कुठल्याही ओळखीच्या माणसाकडे नसते. तारे बघायचे ते यासाठी.

सरासरी आकडा मात्र वाटतो तितका बोलका नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६मध्ये १२० प्रकारांतल्या १,२७२ वस्तूंचे ऑनलाइन तारे, स्वतंत्रपणे चाचण्या घेणाऱ्या ग्राहकसंस्थेच्या गुणांशी ताडून पाहिले. दोन्हींचा मेळ फारच कमी बसला. महाग आणि नावाजलेल्या ब्रँडना लोक थोडे जास्तच तारे देतात, हेही त्यात दिसलं. ते साहजिक आहे. प्युरिफायरमधून आलेलं पाणी जंतुरहित आहे की नाही हे जिभेला कळत नाही. मग माणूस ज्याला समजतं त्याला तारे देतो: डिलिव्हरी वेळेवर आली, पॅकिंग छान होतं, रंग ओट्याला शोभतो.

दुसरी अडचण वेळेची. बरेच रिव्ह्यू पहिल्या आठवड्यात लिहिले जातात. प्युरिफायरची खरी परीक्षा वर्षाने सुरू होते, जेव्हा फिल्टर बदलायचा असतो, मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, जायला आलेलं असतं आणि एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, आकडा समोर येतो. मशीनची किंमत एकदाच लागते, हा खर्च दरवर्षी. तो पहिल्या आठवड्यातल्या पाच ताऱ्यांत कुठून येणार?

आणि ते तारे येतात कसे, हेही पाहिलं पाहिजे. मशीन बसवायला आलेला मुलगा काम संपलं की हात पुसत म्हणतो, "मॅडम, मेसेज येईल, तेवढे पाच स्टार द्या, नाहीतर आमचे पैसे कापतात." आपण देतो. मीही दिले आहेत. त्याच्या पोटावर पाय नको म्हणून दिलेला तारा उद्या दुसऱ्या कुणाच्या खरेदीत पुरावा म्हणून उभा राहतो. काही खोक्यांत तर चिठ्ठीच निघते: पाच तारे देऊन स्क्रीनशॉट पाठवा, पैसे परत मिळवा.

कायद्याने याची दखल घेतली आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२०मध्ये आले. विक्रेत्याने ग्राहकाचं सोंग घेऊन स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू लिहायचे नाहीत, हे त्यात स्पष्ट आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आलं. रिव्ह्यू कसे गोळा करावेत, कसे तपासावेत, कसे छापावेत याची चौकट त्यात घालून दिली आहे. पण ते ऐच्छिक म्हणून आणलं गेलं. माझं स्पष्ट मत आहे की जिथे लाखो घरं तारे बघून पिण्याच्या पाण्याचं यंत्र घेतात, तिथे ऐच्छिक पुरेसं नाही.

वाचायचेच तर मी असे वाचते: आधी तीन तारेवाले, कारण तो माणूस रागावलेलाही नसतो आणि भारावलेलाही नसतो. मग ताजे. मग शोधाच्या चौकटीत "वर्षाने", "सर्व्हिस", "मेंब्रेन" असे शब्द टाकून जे निघेल ते. निखळ ५.० असलेलं पान मी सोडूनच देते. यात मी एकटी नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या एका संशोधन केंद्राने २०१७मध्ये मांडलं की खरेदीची शक्यता साधारण ४.० ते ४.७ ताऱ्यांच्या दरम्यान सर्वाधिक असते. पाचाकडे सरकताना ती उतरायला लागते. लोकांना इतकं गोड पचत नाही.

ओळखीचा शब्द: भरवसा मोठा, पण

काकूंच्या सल्ल्यात एक गोष्ट आहे जी कुठल्याच पानावर नसते: उलट प्रश्न विचारता येतो. फिल्टर कितीदा बदलला? बिल आहे का? फोन केल्यावर माणूस किती दिवसांनी आला? टँकर येतो त्या दिवशी चव बदलते का? बहिणीने हे विचारलं तेव्हा काकूंनी डब्यातून तीन पावत्या काढून दाखवल्या. त्या तीन पावत्यांनी जे सांगितलं ते रिव्ह्यूंची दहा पानं वाचून तिला कळलं नसतं. शिवाय काकू तिथेच राहणार आहेत. चुकीचं सांगितलं तर रोज लिफ्टमध्ये गाठ आहे. म्हणून माणूस जपून बोलतो.

पण ओळखीच्या शब्दालाही कीड लागते, आणि ती दिसत नाही म्हणून जास्त वाईट. आपण वीस हजार घालून घेतलेली वस्तू वाईट निघाली हे कबूल करणं जड जातं. तेव्हा "काही त्रास नाही"चा अर्थ कधीकधी "मी दुसरं काही पाहिलंच नाही" एवढाच असतो. नात्यातला सल्ला तर मोडवतही नाही. आत्याने सांगितलेलं मशीन घेतलं नाही तर पुढच्या हळदीकुंकवाला ते निघतंच. आणि हल्ली रेफरल कोडही आले आहेत. सुचवणाऱ्याला पाचशे रुपये मिळणार असतील तर ते त्याने आधी सांगावं, एवढी अपेक्षा मी सख्ख्या भावाकडूनही ठेवते.

सगळ्यात फसवी गोष्ट मला बहिणीच्या इमारतीतच दिसली. बारा घरांत एकाच कंपनीचं मशीन. बारा जणांचा अनुभव म्हणजे केवढा भक्कम पुरावा, असं तिला वाटलं. चौकशी केली तर कळलं, ताबा मिळाला त्या महिन्यात एका विक्रेत्याने गेटपाशी टेबल मांडलं होतं. पहिल्या दोघांनी घेतलं आणि बाकीच्यांनी त्या दोघांचं बघून. मतं बारा नव्हतीच. टेबल एक होतं.

तारेही असेच एकमेकांच्या मागे जातात. २०१३मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर काही प्रतिक्रियांना संशोधकांनी मुद्दाम एक पसंती आधीच देऊन ठेवली. त्यानंतर पहिल्याच वाचकाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी चढले. एका खोट्या अंगठ्यामुळे. म्हणून दोन्हीकडे माझा पहिला प्रश्न तोच असतो: ही माणसं स्वतंत्रपणे इथवर आली, की एकामागून एक?

भीतीच्या दिवसांत हे फार वेगाने होतं. जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याचा संशय पुढे आला. आमच्या ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर एकच सल्ला फिरत होता: आरओ घ्या, आजच घ्या. आरोग्य यंत्रणा पाणी उकळून प्या असं सांगत होती, आणि मला तेच पटत होतं. प्रश्न जंतूंचा होता, क्षारांचा नव्हता. कमी टीडीएसच्या पाण्याला यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा प्युरिफायर, किंवा उकळणं पुरतं. मीटरवरचा आकडा जंतूंबद्दल एक अक्षरही सांगत नाही. सल्ला देणारे सगळे आपले होते, कळवळ्याने सांगत होते, आणि तरीही चुकत होते.

रीलवरच्या ताई-दादांबद्दल थोडक्यात. ते बोलतात मैत्रिणीसारखं, पण पैसे घेतले असतील तर ती जाहिरात आहे. तसं उघड सांगणं बंधनकारक असल्याचं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मी त्यांना सल्ल्यात धरतच नाही.

मग कुठे कुणाचं?

माझी फूटपट्टी एकच: वस्तू गावागणिक बदलते का? मोबाइल, पेनड्राइव्ह, प्रेशर कुकर पुण्यात तसाच परभणीत. तिथे हजारांचे तारे बघा. पाणी, वीज, रस्ता, दुरुस्तीचा माणूस यांच्यावर जी वस्तू अवलंबून आहे, म्हणजे प्युरिफायर, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, इंटरनेटचं कनेक्शन, तिथे आधी शेजार. वॉशिंग मशीनचे तारे उत्तम असतील, पण बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि ड्रमवर पांढरा थर चढतो, हे त्याच गल्लीतलं घर सांगेल. किराण्यासारख्या रोजच्या गोष्टींत तर शेजारची माणसं एकत्र येऊन निवड करू शकतात. १९७५मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदी आणि वाटप उभं केलं. तिथे शेजाऱ्याचं मत कानगोष्टीसारखं फिरत नाही, त्याला एक रीत आहे. ऑनलाइन ताऱ्यांच्या कितीतरी आधीची ही पद्धत मला आजही सगळ्यात भरवशाची वाटते.

बहिणीला मी क्रम असा सांगितला. आधी दोन-तीनशे रुपयांचा मीटर घे आणि बोअरचं, टँकरचं पाणी वेगवेगळं मोज. पाणी एकदा प्रयोगशाळेत दे, कारण नायट्रेट, फ्लोराइड किंवा जंतू वेगळे किती आहेत ते मीटर दाखवत नाही. मग गेटपाशी टेबल लागलं त्यानंतर राहायला आलेली, स्वतः शोधून मशीन घेतलेली घरं गाठ आणि पावत्या बघ. तारे शेवटी, तेही फक्त ठरलेल्या मॉडेलचा काही गठ्ठ्याने येणारा दोष आहे का एवढंच पाहायला. बिल जपून ठेव. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

तिने काकूंचं मशीन घेतलं नाही आणि ४.३ तारेवालंही नाही. पाचव्या मजल्यावरच्या एका घराने दोन वर्षांपूर्वी घेतलेलं घेतलं. त्यांच्या पावत्यांवर वर्षाचा खर्च काकूंच्या निम्मा होता आणि दुरुस्तीवाला वाघोलीतच राहतो. ऑनलाइन त्याला ३.९ तारे आहेत. कमी देणाऱ्यांची तक्रार बहुतेक करून डिलिव्हरी उशिरा आल्याची.