एक क्वेस्ट, घरात चौघे: सामाईक खातं की प्रत्येकाचं वेगळं?

घरात मेटा क्वेस्ट ३ हा व्हीआर (आभासी जगात खेळायचा) हेडसेट एकच असेल, तर आधी खात्याचं ठरवा. सगळ्यांनी एकाच खात्यावर खेळणं सोपं, हेडसेट डोक्यावर चढवला की सुरू. पण धाकटीने तोच खेळ नव्याने सुरू केला, तर दादाच्या कित्येक आठवड्यांच्या मेहनतीवर पाणी पडू शकतं. शिवाय मित्रांचे निरोप सगळ्यांसमोर उघडे.

वेगळ्या खात्यांना सुरुवातीची खटपट आहे, तरी मी ठामपणे त्याच बाजूने. मुख्य खात्याखेरीज आणखी ३ खाती जोडता येतात. ॲप शेअरिंग चालू केलं की मुख्य खात्यावर घेतलेले खेळ त्याच हेडसेटवर इतरांनाही खेळता येतात, पुन्हा पैसे न भरता, आणि प्रत्येकाची प्रगती वेगळी राहते. उलट दिशेने मात्र हे चालत नाही, म्हणून खरेदी मुख्य खात्यावरूनच करा. १० ते १२ वर्षांच्या मुलांचं खातं पालकांच्या देखरेखीखाली असतं. त्याहून लहानांना परवानगी नाही, आणि हा नियम खरंच पाळा.

भिंगांमधलं अंतर मात्र दोन्ही पर्यायांत प्रत्येकाच्या डोळ्यांनुसार हातानेच जुळवावं लागतं, हेडसेटच्या खालचं चाक फिरवून. आजीला धूसर दिसत असेल तर आधी तेच तपासा.