चिचेन इत्साची एक दिवसाची सहल : गाइड उत्तम, वेळापत्रक कच्चे

ठाण्यातील सहल कंपन्या अलीकडे अमेरिकेच्या उन्हाळी सहलीला मेक्सिकोतील कान्कूनची जोड देऊ लागल्या आहेत. पारपत्रावर अमेरिकेचा वैध व्हिसा असला, तर भारतीय प्रवाशाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा घ्यावा लागत नाही, ही त्यामागची मोठी सोय आहे. त्यामुळे मुलांकडे टेक्सासला किंवा न्यू जर्सीला गेलेले आईवडीलही हे चार दिवस सहज जोडून घेतात. आम्ही अशाच एका कंपनीबरोबर गेलो होतो. प्रस्तुत परीक्षण त्या जोडसहलीतील एकाच दिवसाचे, म्हणजे माया संस्कृतीचे प्राचीन नगर असलेल्या चिचेन इत्साच्या भेटीचे आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या दोषांबद्दल पुढे लिहिले आहे, ते कान्कूनहून निघणाऱ्या अनेक बसगाड्यांच्या दिवसक्रमात आढळतात आणि वाचकाने नाव पाहण्यापेक्षा दिवसक्रम पाहिलेला अधिक उपयोगाचा आहे.

निघण्यापूर्वीची बैठक नौपाड्यातील एका सभागृहात झाली. बूट, टोपी, औषधे, शाकाहारी जेवण, डॉलर किती न्यावेत, या साऱ्यांची माहिती टूर मॅनेजरने नीट दिली. एका काकूंनी गुडघेदुखीचे सांगून विचारले, ‘अहो, त्या पिरॅमिडला पायऱ्या किती आहेत हो?’ त्यावर ‘काकू, तिथे वर चढायचंच नाहीये, २००६पासून ते बंद आहे’ असे उत्तर मिळाले आणि सभागृहातील निम्म्या लोकांचा जीव भांड्यात पडला. त्या बैठकीत कोणी विचारले नाही आणि कंपनीनेही सांगितले नाही ते एवढेच, की प्रत्यक्ष अवशेषांच्या आवारात किती वाजता पोहोचणार आणि तिथे किती वेळ मिळणार. पत्रकावर ‘हस्तकला केंद्र, भोजन, चिचेन इत्सा, सेनोटे, वायादोलीद’ अशी ठिकाणांची नावे ओळीने छापलेली होती (सेनोटे म्हणजे नैसर्गिक पाण्याचे कुंड, वायादोलीद हे जवळचे शहर); वेळ एकाही नावापुढे नव्हती.

कान्कूनपासून चिचेन इत्सा सुमारे २०० किलोमीटर आहे आणि टोल रस्त्याने तिथे अडीच तासांत पोहोचता येते. त्यातच एक गंमत अशी, की कान्कून हे किंताना रू राज्यात आणि चिचेन इत्सा युकातान राज्यात येत असल्याने राज्याची सीमा ओलांडताच घड्याळ एक तास मागे जाते. आवार तिथल्या वेळेनुसार सकाळी आठला उघडते, म्हणजे तेव्हा कान्कूनमध्ये नऊ वाजलेले असतात. सकाळी सहाला निघालेली बस दरवाजा उघडण्यापूर्वीच तिथे उभी राहू शकते, आणि हा फुकटात मिळालेला तास आमच्या आयोजकांनी हस्तकला केंद्रात घालवला. त्या केंद्रात चांदीच्या पदकांवर माया चित्रलिपीत आपले नाव कोरून मिळते, काळ्या ज्वालामुखी काचेच्या मूर्ती मिळतात आणि सगळ्याच्या किमती बाहेरच्यापेक्षा बऱ्याच जास्त असतात. दुकानाला ग्राहक पुरवण्याचा हा व्यवहार आपल्याकडच्या सहलींमध्येही चालतो, त्यामुळे कोणाला आश्चर्य वाटले नाही. राग आला तो त्यासाठी दिवसाचा सर्वांत थंड प्रहर खर्च झाल्याचा. तिथून जेवण, आणि जेवणानंतर ऐन दुपारी अवशेष. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि चिचेन इत्सा २०.७ अंशांवर, त्यामुळे मे ते जुलै या काळात दुपारचा सूर्य दोन्हीकडे जवळजवळ डोक्यावर असतो. ठाणेकराला हे ऊन नवे नाही, पण ठाणेकर त्या वेळी मोकळ्या मैदानात उभा राहून इतिहास ऐकत नाही.

तरीही तो इतिहास सर्वांनी ऐकला, आणि त्याचे श्रेय संपूर्णपणे गाइडचे आहे. घरी युकातेक माया बोलणारा आणि आमच्याशी सावकाश, स्वच्छ इंग्रजीत बोलणारा हा मध्यमवयीन गृहस्थ होता. प्रत्येकाच्या कानात श्रवणयंत्र दिलेले असल्याने त्याला ओरडावे लागत नव्हते आणि सावलीला थोडे मागे राहिलेल्यांनाही सारे ऐकू येत होते. ज्यांना इंग्रजी जड जात होते, त्यांना टूर मॅनेजर अधूनमधून मराठीत सारांश सांगत होता. ही व्यवस्था इतकी चांगली होती, की प्रत्येक कंपनीने तिचे अनुकरण करावे.

मधल्या मैदानात कुकुलकान या पिसे असलेल्या सर्पदेवतेचा पिरॅमिड उभा आहे. माथ्यावरच्या मंदिरासह त्याची उंची सुमारे ३० मीटर आहे. चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा धरून ३६५, ही गणती बहुतेक गाइड सांगतात. आमचा गाइड तिथे थांबला नाही. पिरॅमिडचे नऊ टप्पे मधल्या जिन्यामुळे प्रत्येक बाजूला १८ भागांत विभागले जातात आणि माया लोकांचे सौरवर्षही प्रत्येकी २० दिवसांच्या १८ महिन्यांचे असून उरलेले पाच दिवस अशुभ मानले जात, असे त्याने सांगितले. या वर्षाबरोबर २६० दिवसांचे दुसरे, धार्मिक चक्र चालत असे आणि दोन्ही चक्रे ५२ वर्षांनी पुन्हा एकाच जागी येत. गटातील एका काकांनी यावर आपल्या अधिक महिन्याची पद्धत समजावून सांगितली. गाइडने ती पूर्ण ऐकून घेतली आणि माया सौरवर्षात अशी भर घालण्याची सोय नव्हती, त्यामुळे ते वर्ष ऋतूंच्या तुलनेत हळूहळू सरकत जाई, असे उत्तर दिले. पंचांग पाहणाऱ्या माणसांना पाच मिनिटांत इतके नेमके उत्तर देणारा गाइड मिळणे हे भाग्यच.

खरी मजा आकड्यांची आली. माया पद्धतीत टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपल्याच्या आकाराचे चिन्ह म्हणजे शून्य. आकडे एकाखाली एक लिहायचे आणि खालून वर जाताना प्रत्येक स्थानाची किंमत वीस पटींनी वाढवायची. चिचेन इत्साचा भरभराटीचा काळ साधारण नवव्या ते अकराव्या शतकाचा सांगितला जातो, तेव्हा आमच्यातील कोणीतरी अंबरनाथच्या शिवमंदिराचा उल्लेख केला. त्या मंदिरातील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा आहे. गाइडने काडी उचलली, पांढऱ्या धुळीत वर दोन टिंबे, त्याखाली दोन रेघा व तीन टिंबे आणि सर्वांत खाली एक शिंपला काढला. दोन वेळा चारशे, तेरा वेळा वीस आणि शून्य, म्हणजे १०६०. शिलाहारांच्या मंदिराचे साल माया अंकांत लिहिलेले पाहायला सगळे वाकून उभे राहिले, फोटो काढले गेले आणि ऊन काही काळ विसरले गेले. ठाण्यातून अंबरनाथला लोकलने जाता येते, पण तिथल्या भिंतींवरील शिल्पांबद्दल अशा रीतीने बोलणारा माणूस आपल्याला सहज मिळत नाही, हा विचार परतीच्या प्रवासात बऱ्याच जणांनी बोलून दाखवला.

पिरॅमिडच्या उत्तरेकडील जिन्यासमोर उभे राहून टाळी वाजवली, की प्रतिध्वनी टाळीसारखा न येता पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो. हा चिवचिवाट केत्साल पक्ष्याचा म्हणून सांगितला जातो. तो हेतुपुरस्सर साधला होता की जिन्याच्या उंच, अरुंद पायऱ्यांमुळे आपोआप होतो, याबद्दल मतभेद असल्याचे गाइडने स्वतःहून सांगितले. चेंडूच्या मैदानातही त्याने हाच प्रामाणिकपणा राखला. हे मैदान सुमारे १६८ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असून मध्य अमेरिकेच्या प्राचीन जगातील सर्वांत मोठे आहे. दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंतींवर बऱ्याच उंचीवर दगडी कडी बसवलेली आहे, आणि भरीव रबराचा जड चेंडू कमरेने टोलवत खेळायचा हा खेळ होता. भिंतीच्या पायथ्याशी कोरलेल्या पट्टीत गुडघ्यावर बसलेला, शीर कापलेला खेळाडू दिसतो. त्याच्या मानेतून उसळणाऱ्या रक्ताच्या धारा सापांच्या रूपात दाखवल्या आहेत आणि समोरच्या खेळाडूच्या हातात ते शीर आहे. जिंकणाऱ्या संघाच्या नायकाचा बळी देत, ही गोष्ट शेजारच्या गटाचा गाइड रंगवून सांगत होता. आमच्या गाइडने मात्र बळी कोणाचा दिला जाई हे या शिल्पावरून सिद्ध होत नाही, एवढेच सांगून पुढचे दृश्य दाखवले. ज्या गाइडला ‘हे निश्चित नाही’ म्हणता येते, त्याच्या इतर विधानांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

युकातानच्या चुनखडीच्या सपाट भूमीवर नद्या जवळजवळ नाहीतच. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि छत कोसळलेल्या गुहांमध्ये दिसते. अशा नैसर्गिक कुंडांना सेनोटे म्हणतात. तलावांच्या गावातून आलेल्या माणसाला पाण्याचे हे वेगळे गणित लगेच पटते आणि पर्जन्यदेवता चाक हिची लांब नाकाची मुखे इमारतींच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर का आहेत, तेही समजते. आवारातील पवित्र सेनोटे सुमारे ६० मीटर व्यासाचे आहे. एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकी वकिलातीतील अधिकाऱ्याने १९०४पासून त्याचा गाळ उपसून सोने, जेड, धूप आणि माणसांची हाडे बाहेर काढली आणि त्यांतील बराच ऐवज हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात पोहोचवला. काही वस्तू पुढे मेक्सिकोला परत मिळाल्या. एल काराकोल हा गोल मनोरा, ज्याच्या खिडक्यांची दिशा शुक्राच्या स्थानांशी जुळते, आम्हाला दुरूनच पाहावा लागला, कारण तोवर बसची वेळ झाली होती. ज्या संस्कृतीने शुक्राचे ५८४ दिवसांचे चक्र ग्रंथात नोंदवले, तिच्या वेधशाळेला पाच मिनिटे आणि पदकांच्या दुकानाला तासाभराहून जास्त, हे प्रमाण कोणत्याही आयोजकाला शोभणारे नाही.

आवारातील फेरीवाल्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. वाटांच्या दोन्ही बाजूंना त्यांची रांग असते आणि जॅग्वारच्या गुरगुरण्याचा आवाज काढणाऱ्या शिट्ट्या ते सतत वाजवतात, त्यामुळे काही ठिकाणी नवरात्रातल्या टेंभीनाक्यासारखा गलका वाटतो. मात्र भाव केला तर त्याच लाकडी मुखवट्याची किंमत हस्तकला केंद्रापेक्षा पुष्कळ कमी होते, तेव्हा खरेदी करायचीच असेल तर इथेच करावी.

जेवणात शाकाहाराची सोय होती असे म्हणता येईल, समाधान झाले असे म्हणता येणार नाही. तिथे काळे घेवडे शिजवताना अनेकदा डुकराची चरबी वापरतात. टूर मॅनेजरने स्वयंपाकघरात जाऊन चौकशी केली आणि त्या दिवशीचे भांडे टाळायला सांगितले, ही त्याची दक्षता कौतुकास्पद आहे. मक्याच्या गरम तोर्तिया (पातळ पोळ्या), भात, ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी) आणि पपई यांवर बहुतेकांनी भागवले. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळत असल्याने तोर्तियांना वेगळाच खमंग वास येतो. त्या पोटभर खाव्यात. आंघोळीच्या सेनोटेमध्ये लाइफ जॅकेट घालूनच उतरू देतात आणि अंगाला लावलेले मलम आधी धुवावे लागते. पाणी गार आहे, पायऱ्या ओल्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वरूनच पाहिलेले बरे. वायादोलीदला चौकात फिरण्यापुरता थांबा मिळाला.

पैशांच्या बाबतीत एक तक्रार आहे. चिचेन इत्साला केंद्राचे आणि राज्याचे अशी दोन वेगळी प्रवेशशुल्के असतात आणि आम्ही गेलो तेव्हा परदेशी पर्यटकाला ती मिळून सहाशेहून अधिक पेसो, म्हणजे तीन हजार रुपयांच्या आसपास पडत होती. ठाण्यातील बैठकीत ‘सर्व समाविष्ट’ असे सांगितलेले असताना स्थानिक आयोजकाने बसमध्ये राज्याचे शुल्क डॉलरमध्ये रोख गोळा केले. परत आल्यावर आम्ही पावत्यांसह कार्यालयात गेलो, तेव्हा थोडी टाळाटाळ झाली, पण रक्कम परत मिळाली. पावती मागून घेण्याचा संकोच करू नये. ती नसलेल्यांना बराच पाठपुरावा करावा लागला.

नोंदणी करताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात : आवारात पोहोचण्याची वेळ, तिथे मिळणारा अवधी, आणि दोन्ही प्रवेशशुल्के किमतीत धरली आहेत की नाहीत. अवधी तीन तासांपेक्षा कमी असेल, तर पाच-सहा जणांनी मिळून कान्कूनहून गाडी आणि दरवाजाशी अधिकृत गाइड घेणे अधिक चांगले. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना प्रवेशशुल्कात सूट असल्याने गर्दी मोठी होते, तो वार टाळावा. वसंतसंपाताच्या सुमारास, म्हणजे २० किंवा २१ मार्चला, उतरत्या उन्हात जिन्याच्या कठड्यावर सर्पाची सावली सरकताना दिसते, पण तेव्हाही माणसांचा पूर लोटतो आणि ज्येष्ठांना ते झेपणारे नाही.

आमच्या तक्रारीनंतर कंपनीने पुढच्या हंगामाचे पत्रक पाठवले आहे. त्यात चिचेन इत्सा पहिल्या क्रमांकावर आले आहे आणि हस्तकला केंद्र शेवटी गेले आहे. वेळ मात्र अजूनही एकाही नावापुढे छापलेली नाही.