पीएचपी : बारा वर्षांच्या वापरानंतर

ठाण्यात नौपाड्यातील एका वाचनालयाचे संकेतस्थळ मी गेली बारा वर्षे पीएचपी या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रोग्रामिंग भाषेवर सांभाळत आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये खुली केलेली ही भाषा मला आजही मनापासून आवडते, कारण स्वस्तातल्या होस्टिंगवर, म्हणजे संकेतस्थळासाठी भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर, फाइल चढवली की पान लगेच चालू होते आणि पान उघडण्याची प्रत्येक विनंती कोऱ्या पाटीवर सुरू होत असल्याने एका पानातील बिघाड सहसा दुसऱ्यात झिरपत नाही.

सैल तुलना, म्हणजे मूल्यांचा प्रकार (अंक की मजकूर) न पाहता ती जुळवणे, मात्र घात करते. आमचे सभासद क्रमांक ‘क-४१२’ असे अक्षराने सुरू होतात. सातव्या आवृत्तीत दुहेरी बरोबर-चिन्हाने (==) असा क्रमांक शून्याशी ताडला की दोन्ही समान ठरत, त्यामुळे नूतनीकरणाच्या यादीतून कित्येक नावे कोणतीही सूचना न येता गळाली आणि ज्येष्ठ वाचकांना काउंटरवर पावत्या दाखवाव्या लागल्या, याचे मला फार वाईट वाटले. २०२० च्या आठव्या आवृत्तीने हा नियम बदलला. तरी मी प्रकारही तपासणारे तिहेरी चिन्हच (===) वापरतो. फंक्शनांतील, म्हणजे भाषेतील तयार आज्ञांमधील, विसंगती अजून तशीच आहे : यादीत शोधणारे इन_अ‍ॅरे शोधायचे मूल्य आधी मागते, मजकुरात शोधणारे स्ट्रपॉस नंतर. वेगाबद्दल माझी तक्रार २०१५ च्या सातव्या आवृत्तीपासून उरलेली नाही. लहान संस्थांना मी हीच भाषा सुचवेन. फक्त आठव्या आवृत्तीखालचे होस्टिंग घेऊ नये.