एकच संध्याकाळ हाताशी असेल तर: नळ सरोवर की कच्छचं छोटं रण?

हिवाळ्यात अहमदाबादला जाणं झालं आणि पक्षी बघायला एकच दुपार मोकळी सापडली, तर हा प्रश्न पडतोच. मी दोन्हीकडे गेलोय, एकाहून जास्त वेळा.

अंतराचं म्हणाल तर नळ सरोवर सोयीचं, ६०-६५ किलोमीटरवर. छोट्या रणाच्या कडेचं बजाणा विरमगामच्याही पुढे, म्हणजे जेवण लवकर उरकूनच निघायचं. फक्त रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे असतील तर खरं तर एवढं लांब कशाला, आपली ठाण्याची खाडी आहेच.

नळला पाणी उथळ, होडी बांबूने रेटतात. पाणगवताच्या कडेला जांभळ्या पाणकोंबड्या इतक्या जवळ येतात की दुर्बीण खाली ठेवावी. फोटो काढणाऱ्याला यापेक्षा काय हवं?

माझं मन उडालं ते होडीत स्कोप (ट्रायपॉडवर लावायची मोठी दुर्बीण) घेऊन बसलो तेव्हा. होडी थांबली तरी डुलत राहते, त्यात ट्रायपॉडचा काही उपयोग नाही. साडेचारनंतर ऊन समोरून आलं. पलीकडच्या चिखलावर टिलवे, तुतारी असे चिखलात चरणारे छोटे पक्षी बरेच असावेत, पण दिसत होते नुसते काळे ठिपके. नावाडीकाकांना म्हटलं, वळसा घालून पलीकडून नेता का? त्यांनी गवताकडे बोट दाखवलं. त्या बाजूला वाटच नव्हती. पाऊण तासात एकाचीही ओळख पटली नाही, याची रुखरुख अजून आहे.

रणात हेच सोपं होतं. इथलं घुडखर (रानगाढव) अभयारण्य जवळजवळ ५,००० चौरस किलोमीटरचं, जमीन सपाट. पाण्याला वळसा घालून जीप अशी उभी करायची की ऊन पाठीशी येईल. इंजिन बंद, स्कोप घट्ट जमिनीवर. वाटेत घुडखरांचे कळप, वेड्या बाभळींच्या जेमतेम वरून तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी. आणि सूर्य कलला की शेतांत चरलेले क्रौंच रात्रीच्या मुक्कामाला उथळ पाण्यावर उतरू लागतात. आधी आवाज येतो, मग क्षितिजावर रेघ उमटते, मग एकामागून एक थवे. हे मला नळला मिळालं नाही. कदाचित माझे दिवस चुकले असतील.

पाऊस कमी झालेल्या वर्षी मात्र बजाण्याचं पाणी लवकर आटतं. आदल्या दिवशी जीपवाल्याला फोन करून विचारा. पाणी नसेल तर नळलाच जा, पण पहाटे, आणि स्कोप घरी ठेवून.